रायपूरचे पाच पांडव आणि एकवीस दिवसांची थाप

रायपुरात ई-रिक्षावाला 'लाखेनगर, लाखेनगर' असं ओरडतो, तेव्हा आपण एका सहकारी बँकेच्या मंत्र्याचं नाव पुकारतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. सेनापतींच्या नावाचे चौक गावोगाव असतात, संतांच्या नावाच्या गल्ल्या असतात. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या माणसाच्या नावाचं आख्खं नगर मात्र मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नेतृत्व आणि शिस्त म्हटलं की हल्ली एकच चित्र समोर येतं. पहाटे पाचला उठलेला, थंड पाण्यानं अंघोळ उरकलेला, जाडजूड डायरीत दिवसाची दहा उद्दिष्टं लिहिणारा कुणी यशस्वी गृहस्थ. माझा स्वतःचा गजर गेली कित्येक वर्षं पाचलाच लावलेला आहे आणि मी सातला उठतो. तेव्हा या चित्रावर माझा जुना राग आहे हे आधीच सांगून टाकतो. त्या रागापोटीच ही गोळाबेरीज केली. माणसं बहुतेक रायपूरची किंवा रायपूरच्या आसपासची, आणि त्यांतली बरीचशी मराठी.

आधी ती थाप

'एकवीस दिवस करा, सवय लागते.' हे वाक्य तुम्ही ऐकलंय, मी ऐकलंय, जिमच्या भिंतीवरही वाचलंय. त्याचं मूळ शोधत गेलं तर सापडतो मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन. नाक सरळ करून दिलं तरी आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यानं १९६० सालच्या पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांनी त्यातलं 'किमान' गाळलं, नाकही गाळलं, आणि उरला तो एकवीसचा मंत्र.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मग खरंच मोजून पाहिलं. ९६ माणसं, १२ आठवडे. जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी पळायला जाणं अशा साध्या सवयी. आकडेमोडीतून निघालं ते असं: कुणाला १८ दिवस, कुणाला चक्क २५४, मधला आकडा ६६ च्या आसपास. त्या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही!

ही ओळ कापून फ्रिजवर चिकटवावी अशी आहे. शिस्तीची माणसं कधी चुकत नाहीत असं आपण धरून चालतो. खाली येणारी मंडळी मात्र चुकली, आपटली, काही तर गावासमोर आपटली. मी त्यांचा दुसरा दिवस बघत गेलो.

मंत्री, म्हणजे बँकेचे

वामन बळिराम लाखे. जन्म १८७२. वकील. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा त्यात मध्यवर्ती बँकेची नीट सोय नव्हती. ती १९१२ च्या कायद्यानं झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, वामनरावांनी रायपुरात को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक उभी केली. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की प्रवरानगरचा साखर कारखाना पहिला आठवतो. त्याचं पहिलं गाळप १९५० अखेरचं. रायपूरची ही बँक तोवर सदतीस वर्षांची घोडी झाली होती.

आता आकडे बघा. १९१३ ते १९३६ वामनराव बँकेचे मानद मंत्री, म्हणजे चिटणीस. १९३७ ते १९४० अध्यक्ष. सत्तावीस वर्षं एकाच संस्थेचं दप्तर! भागभांडवल किती, थकबाकी किती, कुणाची जमीन तारण आहे, कुणाचा हप्ता भाताच्या कापणीपर्यंत थांबवायचा. भाषण करायला यात फारसा वाव नाही. एका हंगामात पाऊस दडी मारतो, हप्ते तटतात, आणि पुढच्या हंगामात त्याच माणसाला पुन्हा बियाण्यासाठी कर्ज द्यायचं की नाही हे त्याच वहीसमोर बसून ठरवायचं.

बरं, हा माणूस फक्त बँकेत बसला असंही नाही. सरकारनं 'रावसाहेब' केलं होतं, असहकाराच्या दिवसांत त्यांनी ती पदवी परत केली. लोकांनी लगेच बदली माल दिला: 'लोकप्रिय'. सरकारी पदवीपेक्षा हा सौदा बरा झाला असं माझं मत.

आणि आता मथळ्यातले पांडव. १९३० च्या सविनय कायदेभंगात रायपूरचे पाच पुढारी 'पाच पांडव' म्हणून ओळखले जाऊ लागले. युधिष्ठिर वामनराव लाखे, भीम महंत लक्ष्मीनारायण दास, अर्जुन ठाकूर प्यारेलाल सिंह, सहदेव शिवदास डागा आणि नकुल मौलाना अब्दुल रऊफ. व्यासांनी ही पात्रयोजना पाहिली असती तर खूश झाले असते. युधिष्ठिराचं पद हिशेबनिसाला मिळालं हेही बघण्यासारखं. महाभारतातला युधिष्ठिर जुगारात सगळं हरला, हा मात्र लोकांचा पैसा सांभाळणारा.

वामनरावांचं तेव्हा वय अठ्ठावन्न. तुरुंगवास झाला. बाहेर आले की बँक होतीच. १९४१ च्या वैयक्तिक सत्याग्रहात, सत्तरीला टेकलेले असताना, पुन्हा आत. मग १९४५ मध्ये बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी राइस मिल. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी भाताची गिरणी काढणारा माणूस निवृत्तीचं नियोजन कोणत्या वहीत करत असेल?

थंडीत रायपुराकडे आलात तर कुठल्याही शेतकऱ्याच्या तोंडी एकच शब्द ऐकाल: टोकन. 'टोकन कटा क्या?' सरकार सोसायटीमार्फत धान घेतं, एकरी २१ क्विंटलपर्यंत आणि क्विंटलला ३१०० रुपये या हिशेबानं. टोकन असल्याशिवाय पोतं काट्यावर चढत नाही. आणि पैसे जमा होतात ते जिल्हा सहकारी केंद्रीय बँकेच्या खात्यात. रांगेतल्या माणसाला १९१३ आठवण्याचं काही कारण नाही, पण रांग लागते ती वामनरावांनी घातलेल्या पायावरच.

दुधावरचा महंत

रायपूरच्या दूधाधारी मठाचं नाव पडलं ते महंत बलभद्रदासांमुळे. ते म्हणे फक्त दुधावर राहात. डाएटवाल्यांनी नोंद घ्यावी, हे आपल्याकडे मोबाइल अॅपशिवाय चालायचं. मठातल्या मंदिराच्या कामात नागपूरकर बिंबाजी भोसल्यांचा हात. नागपूरकर भोसल्यांच्या घरातला हा माणूस छत्तीसगडात नुसता वसुलीला आला नाही, रतनपूरला राहिला, तोही तीसेक वर्षं, अगदी १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं देण्याची रीत इकडे त्यानं रुजवली असं सांगतात. त्याच्यानंतरचा व्यंकोजी नागपुरात बसून सुभेदारांकरवी कारभार हाकू लागला. रिमोट वर्किंग काही आजचं नाही.

माफीनामा

आता जरा थांबून सांगायची गोष्ट.

माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातलं पथरिया. घरात मराठी, लेखणी हिंदी. पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवण्याची नोकरी धरली, पगार ५० रुपये, आणि त्या जिवावर जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' मासिक काढलं. सोबत वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर. तीन मराठी माणसं, छपाईचा घोर रायपूर-नागपूरला, वर्गणीदार मोजके आणि वर्गणी थकवणारे भरपूर. मासिक १९०२ च्या अखेरीस बंद पडलं. पण तेवढ्यात १९०१ मध्ये त्यात सप्र्यांची एक चिमुकली कथा छापून गेली होती, 'एक टोकरी भर मिट्टी'. विधवेची झोपडी गिळणाऱ्या जमीनदाराला तिनं फक्त टोपलीभर माती उचलून द्यायला सांगितलं, आणि त्याला ती हलेना. हिंदीतली पहिली लघुकथा कोणती या वादात आजही हिचं नाव पुढे असतं. तोट्यातल्या धंद्याची ही अशी वसुली.

सप्र्यांनी पुढे नागपूरहून १९०७ मध्ये 'हिंदी केसरी' काढला. टिळकांचा 'केसरी' हिंदीत गर्जू लागला म्हटल्यावर सरकार गप्प बसणं शक्यच नव्हतं. १९०८ च्या ऑगस्टात राजद्रोहाखाली अटक. टिळक तेव्हा सहा वर्षांची शिक्षा घेऊन बसलेले. इकडे सप्र्यांच्या घरी थोरल्या भावानं जीव देण्याची धमकी दिली. आणि सप्र्यांनी माफीनाम्यावर सही केली.

सुटले. पण सुटले कसले? काल ज्यांचे अग्रलेख वाचून तरुण पेटत होते, त्यांनीच माफी मागितली. आजच्या भाषेत, सगळी इज्जत एका सहीत गेली. अशा वेळी माणसं काय करतात ते आपण रोज पाहतो. खुलासा देतात, 'माझ्या विधानाचा विपर्यास झाला' म्हणतात, किंवा पक्ष बदलतात.

सप्र्यांनी झोळी घेतली. वर्ध्याकडच्या हनुमानगडावर गेले आणि माधुकरी मागून राहू लागले. बी.ए. झालेला, मासिक काढलेला, नावाजलेला संपादक, आणि दारात उभा राहून 'ओम् भवति'. शिक्षा कुणी दिली नव्हती, त्यांनीच स्वतःला फर्मावली. तिथे दासबोधाची पारायणं केली, मग त्याचा हिंदी अनुवाद केला. रायपूरला परतल्यावर रामदासी मठ काढला, मुलींसाठी शाळा काढली. आणि मग ते काम आलं.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिलं. तेही पेन्सिलीनं, कारण शाई मिळत नव्हती, आणि पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत, कारण एखादं पान फाडून बाहेर जाईल ही सरकारला धास्ती. मराठी पुस्तक आलं १९१५ मध्ये. शेकडो पानं, दर्शनशास्त्राची परिभाषा, जागोजागी संस्कृत. १९१६ मध्ये ते हिंदीत आलंसुद्धा. अनुवादक: माधवराव सप्रे. टिळक आत असताना ज्या माणसानं माफी मागितली, त्याच्याच हाती टिळकांचं सर्वांत मोठं पुस्तक हिंदीत उतरलं. मला यात टिळकांचंही मोठेपण दिसतं. चुकलेल्या माणसाला बाजूला बसवून ठेवणं सोपं असतं, त्याच्यावर सर्वांत जड काम टाकायला नेता लागतो.

सप्रे थांबले नाहीत. चिंतामणराव वैद्यांचं महाभारतावरचं पुस्तक हिंदीत आणलं. जबलपूरहून १९२० मध्ये 'कर्मवीर' निघालं त्यामागे उभे राहिले, संपादकाच्या खुर्चीत मात्र माखनलाल चतुर्वेदींना बसवलं. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९२६ ला रायपुरात गेले. शहरात त्यांच्या नावाची शाळा आहे. तिथल्या पोरांना 'सप्रे' हे आडनाव मराठी आहे हे सांगितलं की ती जरा दचकतात.

मधमाश्यांचा क्लास

१८७७ मध्ये कोलकात्याचं एक दत्त कुटुंब रायपूरला यायला निघालं. नागपूरपुढे रेल्वे नव्हती, म्हणून बैलगाड्या. वाटेत जंगलातल्या एका कड्यावर भलंमोठं मोहोळ दिसलं. चौदा वर्षांचा नरेंद्र ते बघता बघता इतका हरवला की गाडी किती पुढे गेली याचं भान राहिलं नाही. तोच पुढे विवेकानंद झाला. रायपूरच्या दोनेक वर्षांत वडील आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मंडळींशी वाद घालणं हीच त्याची मुख्य शाळा. आता विमानतळालाही त्यांचं नाव आहे, पण तिथं पोचायला बैलगाडीपेक्षा कमी वेळ लागतो, सिग्नलनं साथ दिली तर.

पंधरा वर्षांची चूक

हबीब तन्वीर रायपूरचे, जन्म १९२३. पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. मुंबई, दिल्ली, मग इंग्लंडात नाट्यशिक्षण, युरोपभर भटकंती, असं सगळं करून १९५८ मध्ये त्यांनी छत्तीसगडच्या नाचातले सहा कलावंत दिल्लीला नेले. नाचा म्हणजे रात्रभर चालणारा इथला लोकनाट्याचा प्रकार, आपल्या तमाशाचा लांबचा चुलतभाऊ. गावात हे लोक मैदान पेटवायचे. दिल्लीच्या रंगमंचावर मात्र लाकडासारखे उभे.

का? कारण हबीबसाहेब त्यांना सांगत होते इथून चाला, तिथे वळा, हे वाक्य हिंदीत असं म्हणा. लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण पिढीजात कलावंत असलेल्या माणसाला त्यांनी डावा-उजवा शिकवायला घेतला होता. ही चूक कळायला किती वेळ लागावा? सुमारे पंधरा वर्षं! १९७३ मध्ये रायपुरात महिनाभराचं नाचाचं शिबिर घेतलं तेव्हा पेच सुटला. त्यांना त्यांच्या छत्तीसगढीत बोलू द्यायचं, हवं तसं फिरू द्यायचं, आपण बसून बघायचं आणि नंतर त्यातून नाटक बांधायचं.

दोन वर्षांत 'चरणदास चोर' आलं. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. व्यवस्थापनाच्या वर्गात 'डेलिगेशन' शिकवतात. मला त्यापेक्षा हे जास्त पटतं की एक बुद्धिमान माणूस पंधरा वर्षं चुकीच्या पद्धतीनं काम करत राहिला, पण माणसं त्यानं बदलली नाहीत. तेच लालूराम, तेच ठाकूरराम, तेच मदनलाल. बदलला तो दिग्दर्शक.

चोराचे पण

आणि त्या नाटकाची गोष्ट काय? विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरून घेतलेली. एक चोर गुरूसमोर थट्टेत काही पण करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला हे कोण देणार होतं, म्हणून बिनधास्त! वर गुरूनं पदरात घातलेलं पाचवं: खोटं बोलणार नाही. चोरी मात्र सोडत नाही, ती रोजीरोटी. मग एकेक करून सगळंच समोर येऊन उभं राहतं, ताट, हत्ती, राणी, राज्य. तो प्रत्येकाला नको म्हणतो आणि जिवानिशी जातो.

याच गोष्टीवर श्याम बेनेगलांनी १९७५ मध्ये मुलांसाठी चित्रपट केला. त्यात चेहरा नवा होता, मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी एक मराठी मुलगी. स्मिता पाटीलचा हा पहिला चित्रपट.

तीन लोंब्या

रायपूरच्या किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यांवर एक नाव हमखास दिसतं: एचएमटी. बारीक दाणा, शिजल्यावर मोकळा. घरी पाहुणे येणार असले की इथल्या कित्येक घरांत हाच भात. हा तांदूळ शोधला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी. (हे नांदेड मराठवाड्यातलं नव्हे, गाडी चुकवू नका.) शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर.

१९८३ साली त्यांनी आपल्या शेतात 'पटेल-३' जातीचं धान लावलं होतं. कापणीआधी चालताना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, रंगानं पिवळसर. आपण असतो तर काय केलं असतं? मी तर पाहिलंच नसतं. त्यांनी त्या काढून जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी फांद्या रोवल्या. त्यातलं निवडक बी पुन्हा पुढच्या वर्षी. धानाचं एक पीक वर्षातून एकदाच येतं, त्यामुळे एका प्रयोगाचं उत्तर मिळायला बारा महिने लागतात, आणि चुकलं तर आणखी बारा. असं करत करत मुठीचं पायलीभर झालं आणि पायलीचं पोतं. जवळपासच्या शेतकऱ्यांनी बी नेलं, बाजारात माल आला, आणि नाव काय द्यायचं तर व्यापाऱ्यानं त्या काळातल्या सर्वांत विश्वासू वस्तूचं दिलं: मनगटावरचं एचएमटी घड्याळ.

पुढची गोष्ट कडू आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केलं. पैसा आणि श्रेय दादाजींच्या वाट्याला फारसं आलं नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर राज्य सरकारनं दिलेलं सुवर्णपदक अडचणीच्या वेळी विकायला काढलं तर ते खऱ्या सोन्याचं नसल्याचा गाजावाजा झाला. दादाजींनी दुसऱ्या दिवशी काय केलं असेल ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पुन्हा शेतात जाऊन लोंब्या बघितल्या. 'विजय नांदेड', 'नांदेड हिरा', 'काटे एचएमटी', 'डीआरके' अशी आणखी वाणं काढली. शेवटचं 'डीआरके' म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. या वेळी नाव ठेवायला घड्याळ लागलं नाही. २०१८ मध्ये ते गेले.

एचएमटीची घड्याळं बनवणारी कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला. तांदूळ चालू आहे.

सतरा हजार मुठी

धानाचं निघालंय तर डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांना टाळता येणार नाही. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. बाहेरून आणलेल्या बुटक्या वाणांवर भिस्त ठेवायला त्यांचा विरोध. खुर्ची गेली. मग रायपुरात येऊन त्यांनी छत्तीसगडच्या गावागावांतून देशी धानाचे नमुने गोळा करायला घेतले. एका गावात एक नाव, पुढच्या गावात दुसरं, दाणा बघायचा, कूस बघायची, कधी पिकतं ते विचारायचं, चिठ्ठी लावायची. जमले सतरा हजारांहून जास्त! त्यांची संस्था १९७८ मध्ये बंद केली गेली, नमुने मात्र राहिले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाचे तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत, फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेखालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकाचा साठा म्हणून तो ओळखला जातो. २००२ मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीचा विद्यापीठाशी करार घाटत होता, तेव्हा एवढा गदारोळ उठला की कंपनीनं काढता पाय घेतला.

याच कृषी विद्यापीठात शिकवत होते कवी विनोदकुमार शुक्ल. मूळचे राजनांदगावचे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत. ग्वाल्हेरकडचं मराठी घर, लिहिणं हिंदी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. मुक्तिबोध एकेक दीर्घ कविता वर्षानुवर्षं पुनःपुन्हा लिहीत. त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह आला १९६४ मध्ये, आणि तो हातात घ्यायला ते राहिले नाहीत. शुक्लांना ज्ञानपीठ जाहीर झालं ते वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. तोवर ते लहान मुलांसाठी लिहू लागले होते. पुरस्काराची वाट बघण्यात वेळ घालवला नाही, हे उघड आहे.

काढून टाकलेल्यांची कॉफी

रायपूरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये डोसा मागवलात तर वेटरच्या फेट्याचा तुरा जरूर पाहा. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डानं ही उपाहारगृहं बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर. १९५७-५८ पासून त्याच कामगारांनी ठिकठिकाणी सहकारी संस्था काढल्या आणि तीच उपाहारगृहं चालवायला घेतली. रायपूरचं कॉफी हाऊस जबलपूरच्या संस्थेचं. तुऱ्याखालचा माणूस मालकही आहे, टिप जपून द्या.

संमेलन, किराणा आणि तात्या

रायपुरात मोहल्ल्याला 'पारा' म्हणतात, आणि एका पाऱ्याचं नाव आहे तात्यापारा. यापुढे पुरावा मागू नये. महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आहे, चौबे कॉलनीत. गणपती, नाटकं, कोजागरीचं दूध, आणि कार्यकारिणीच्या सभेत चहा येईपर्यंतचे वाद, सगळं नव्वद वर्षं अखंड.

१९८१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपूरला भरलं होतं. अध्यक्ष गंगाधर गाडगीळ. नवकथेचे आणि बंडूचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि उद्योगांचे सल्लागारही होते. वर मुंबई ग्राहक पंचायतीचे दीर्घकाळ अध्यक्ष. पंचायतीची रीत साधी: काही कुटुंबांचा एक संघ, महिन्याची यादी आधी भरायची, माल एका घरी उतरतो, सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. वाटपाच्या दिवशी तुमची पाळी असेल तर डाळ मोजायला बसायचं, मग तुम्ही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष का असेना. गाडगीळ डाळ मोजायला बसले की नाही ते ठाऊक नाही, पण मला ते दृश्य फार आवडतं.

चांप्याचे बापट

रायपूरहून हावड्याच्या दिशेनं गेलं की बिलासपूरच्या पुढे चांपा लागतं. तिथून जवळच सोठी. सदाशिवराव कात्रे रेल्वेत नोकरीला होते, त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळात हे म्हणजे घर, गाव, देऊळ सगळ्यातून नाव कमी होणं. कात्र्यांनी १९६२ मध्ये तिथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. रुग्णानंच काढलेला आश्रम. म्हणून भीक मागण्यापेक्षा शेती, दोर वळणं, सतरंज्या विणणं यावर भर.

१९७२ मध्ये तिथे दामोदर गणेश बापट आले. अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे, आधी जशपूरकडे आदिवासी मुलांना शिकवत होते. कात्रे गेल्यावर सगळा भार त्यांच्यावर. लोक आश्रमातल्या भाजीला हात लावायला घाबरत, तेव्हा बापट रुग्णांच्या पंगतीत बसून जेवत. हे एकदा फोटोपुरतं करता येतं, त्यांनी ते सत्तेचाळीस वर्षं केलं. आश्रमात शाळा आली, वसतिगृह आलं, गोशाळा आली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी १७ ऑगस्टला बिलासपुरात ते गेले. देहदानाचं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे मृत्यूनंतर बापट बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात हजर झाले.